आधी बसून बघा, मग उडा

हौसेनं विमान उडवायला शिकायचं म्हणून घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं आहे. विमान निवडताना त्याचा वेग, रंग आणि नवेपण यांना भुलू नका. त्यात तुमचं अंग नीट मावतं का आणि तुमच्या हाताला ते कसं वागतं, एवढं आधी बघा. एकाच नावाच्या विमानाच्या दोन-तीन आवृत्त्या असतात. बाहेरून ती सख्खी भावंडं वाटतात, पण आत बसलं आणि हवेत नेलं की स्वभाव वेगवेगळे निघतात. नुसतं माहितीपत्रक वाचून हा फरक कळत नाही. तो कसा ओळखायचा, ते इथं सांगतो.

बुरोंडीत बसून विमानांबद्दल लिहिणं कुणाला नवल वाटेल. इथं बंदर आहे, मासळी आहे, परशुरामाचा पुतळा बघायला येणारी माणसं आहेत. धावपट्टी मात्र नाही. पण म्हणूनच हे लिहावंसं वाटतं. ज्याच्या घराजवळ फ्लाइंग क्लब आहे, तो चार वेळा जाऊन चार विमानं न्याहाळू शकतो. दापोली-बुरोंडीकडच्या मुलाला त्यासाठी पुणं, बारामती, धुळे नाहीतर नागपूर गाठावं लागतं. रात्रीची एसटी पकडायची, दिवसभरात चौकशी उरकायची, आगाऊ पैसे भरायचे आणि परत फिरायचं. त्या घाईत जे दाखवतील ते बघितलं जातं आणि जे सांगतील ते खरं मानलं जातं. मागे आई-वडिलांची साठवलेली पुंजी असते, कुणी कलमांच्या बागेवर कर्ज काढायला तयार झालेला असतो. एवढा पैसा आणि एवढी उमेद पणाला लागणार असेल, तर काय विचारायचं आणि काय तपासायचं ते घरीच ठरवून निघालं पाहिजे.

वजनाचा हिशोब आधी करा

हौसेच्या आणि शिकण्याच्या विमानांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. एका गटात सेसना 152 सारखी फ्लाइंग क्लबांतली दोन आसनी विमानं येतात. माणसं, इंधन, सामान सगळं धरून सेसना 152 चं वजन जास्तीत जास्त 757 किलो चालतं. दुसऱ्या गटात त्याहून हलकी मायक्रोलाइट किंवा अल्ट्रालाइट विमानं येतात. युरोपात दोन आसनी अल्ट्रालाइटला बरीच वर्षं 450 किलोची मर्यादा होती, आणि आणीबाणीत संपूर्ण विमानच खाली उतरवणारं पॅराशूट बसवलेलं असेल तर 472.5 किलोची. 2018 मध्ये तिथल्या देशांना ही मर्यादा 600 किलोपर्यंत नेण्याची मुभा मिळाली. अमेरिकेत 2004 साली लाइट स्पोर्ट हा गट केला, तेव्हा तिथंही जमिनीवरून उडणाऱ्या विमानांसाठी 600 किलोच धरले होते. आपल्याकडे या सगळ्यांवर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, देखरेख असते.

हे आकडे तुमच्या कामाचे आहेत. एक उदाहरण घेऊ. व्हायरस एसडब्ल्यू नावाचं हलकं विमान रिकामं असताना साधारण 290 किलो भरतं. 472.5 किलोची मर्यादा धरली, तर माणसं आणि पेट्रोल मिळून उरतात सुमारे 182 किलो. 75-75 किलोची दोन माणसं बसली की 32 किलो शिल्लक राहतात, म्हणजे पंचेचाळीसेक लिटर पेट्रोल. टाक्या पूर्ण 100 लिटर भरल्या, तर माणसांच्या वाट्याला 110 किलो येतात. म्हणजे दोन आसनं असली तरी दोन दणकट माणसं आणि भरलेल्या टाक्या हे गणित बसत नाही. विमान चांगलंच आहे, पण त्याची मर्यादा ही अशी आहे.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: या विमानाचं रिकामं वजन किती, आणि मी, माझा इन्स्ट्रक्टर आणि तासाभराचं इंधन मिळून किती होतं? उत्तर कागदावर मागा. प्रत्येक विमानाचा वजनाचा तक्ता असतो आणि तो त्या विशिष्ट विमानाचा असतो. एकाच मॉडेलच्या दोन विमानांत रेडिओ, रंग, दुरुस्त्या यांमुळे काही किलोंचा फरक पडतो. स्वतःचं वजन सांगताना संकोच करू नका. पाच किलो कमी सांगून फायदा कुणाचाच होत नाही.

आराम ही चैन नाही

बसायला आरामशीर विमान मागितलं की काही लोक हसतात. विमान शिकायचंय की सोफा घ्यायचाय, असं विचारतात. त्यांचं ऐकू नका. मान अवघडलेला, घामाने डबडबलेला, गुडघे डॅशबोर्डला टेकवून बसलेला माणूस थकतो. थकलेल्या माणसाची नजर आणि हात दोन्ही मंदावतात. आणि विमानात सगळ्यात नेमकं काम शेवटच्या पाच मिनिटांत, उतरताना, करायचं असतं.

मुंबईच्या आकाशातला जुना दाखला घ्या. जे. आर. डी. टाटांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला परवाना. 1930 साली आगाखान पारितोषिकाच्या शर्यतीत ते जिप्सी मॉथ घेऊन उतरले. जिप्सी मॉथ हे उघडं विमान होतं. पुढे-मागे दोन जागा, डोक्यावर छत नाही, तोंडावर सतत वारा. 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून टपाल घेऊन ते जुहूला उतरले, तेव्हा मात्र हाती पस मॉथ होतं. त्याच द हॅविलँड कंपनीचं, त्याच घराण्यातलं, पण बंदिस्त केबिनचं. पुढे 1962 आणि 1982 साली त्याच मार्गावरून त्यांनी पुन्हा उड्डाण केलं, ते बंद केबिनच्याच लेपर्ड मॉथमधून. 1982 साली ते 78 वर्षांचे होते. बंद केबिन, नीट आसन आणि समोर स्वच्छ काच असली तर माणूस किती वर्षं उडू शकतो, ते यातून दिसतं.

पण याच पस मॉथचा दुसरा भागही सांगायला हवा. ते बाजारात आल्यावर पहिल्या काही वर्षांत निरनिराळ्या देशांत त्याचे पंख हवेत निखळून अपघात झाले. चौकशा झाल्या आणि पंखांच्या तिरप्या आधारांना जादा जोड देऊन ते मजबूत करावे लागले. तेव्हा नवी आवृत्ती आरामशीर आहे हे कळल्यावर थांबू नका. ती येऊन किती वर्षं झाली, सुरुवातीला काय दोष निघाले, ते दुरुस्त झाले का, आणि समोर उभ्या असलेल्या याच विमानात ती दुरुस्ती झाली आहे का, हे चारही प्रश्न विचारा.

एकाच घराण्यातले फरक

महाराष्ट्रातल्या फ्लाइंग क्लबांत सेसना 152 तुम्हाला हमखास भेटेल. तिच्या आधीची 150 ही 1958 पासून 1977 पर्यंत बनत होती. या घराण्यात झालेले बदल बघितले की आवृत्ती बदलते म्हणजे काय बदलतं, ते कळतं. 1967 च्या 150 मध्ये कंपनीने दारं बाहेरच्या बाजूला किंचित फुगीर केली. तेवढ्याने आतली जागा 3 इंचांनी वाढली. 3 इंच ऐकायला काहीच नाहीत. पण दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसतात त्या केबिनमध्ये 3 इंचांनी कोपर हलवायला जागा मिळते आणि थ्रॉटल ओढताना शेजारच्याला धक्का लागत नाही.

1977 मध्ये 152 आली तेव्हा इंजिन बदललं. 100 अश्वशक्तीच्या जागी 110 अश्वशक्ती आली. त्याहून महत्त्वाचा बदल पंखांमागच्या फ्लॅपचा होता. आधी फ्लॅप 40 अंशांपर्यंत खाली येत, आता 30 अंशांवर थांबवले. 40 अंशांच्या फ्लॅपने विमान तीव्र उताराने खाली येई आणि आखूड जागेत बसे. पण उतरणं रद्द करून पुन्हा वर जायचं ठरलं, तर तेवढ्या खाली आलेल्या फ्लॅपसह छोटं इंजिन विमानाला नीट वर नेईना. 30 अंशांनी नवशिक्याला पुन्हा वर जाणं सोपं केलं आणि जुन्या हाताला आखूड धावपट्टीवरची एक सोय गमवावी लागली. कुठलीही सुधारणा अशीच असते: काही मिळतं, काही सोडावं लागतं. काय मिळालं ते विक्रेता सांगेल. काय सोडलं ते तुम्ही विचारायचं.

दुसरं घराणं आपल्या एनसीसीच्या मुलांना जवळचं आहे. एनसीसीच्या हवाई तुकड्यांत झेनएअर सीएच 701 हे छोटं विमान वापरलं गेलं आणि नंतर स्लोव्हेनियातल्या पिपिस्ट्रेल कंपनीचं व्हायरस एसडब्ल्यू आलं. 2015 साली भारताने अशी 194 विमानं मागवली. त्यातली सर्वाधिक एनसीसीसाठी होती, बाकीची हवाई दल आणि नौदलासाठी. दोन्ही विमानांत पंख वर, दोन्हींत शेजारी-शेजारी दोन आसनं. तरी दोघांचा स्वभाव अगदी उलटा.

सीएच 701 चा पंख जाड आणि आखूड, त्याच्या पुढच्या काठावर कायमची पट्टी बसवलेली. त्यामुळे ते ताशी 50 किलोमीटरच्या आसपासही हवेत तरंगतं आणि शेताएवढ्या जागेत उठतं-बसतं. पण हवेला त्याचा अडथळा मोठा. इंजिनची ताकद काढली की ते भरभर खाली येतं, आणि वेग राखायला नाक लगेच खाली करावं लागतं. कंपनीने पुढे त्याच्याच धर्तीवर सीएच 750 काढलं, केबिन रुंद केली, भार वाढवला. उंच माणसाला 750 मध्ये बसल्यावर फरक लगेच जाणवतो.

व्हायरसचं उलट आहे. ते गुळगुळीत आणि सडपातळ असल्यामुळे वेग सोडायला तयार होत नाही. उतरताना थोडा वेग जास्त राहिला, तर ते धावपट्टीवर टेकायचं सोडून पुढे पुढे सरकत राहतं. म्हणून त्याच्या पंखावर हवेचे ब्रेक दिलेले आहेत आणि ते वापरायला शिकावं लागतं. याच घराण्यात सायनस नावाचं विमान आहे, त्याच्या पंखांची लांबी जवळजवळ 15 मीटर. व्हायरसची 12.46 मीटर आणि आखूड पंखांच्या व्हायरस एसडब्ल्यूची 10.71 मीटर. धड जवळपास तेच. लांब पंखांचं सायनस इंजिन बंद करून ग्लायडरसारखं तरंगू शकतं, पण वळवताना रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, बरंच वापरावं लागतं. आखूड पंखांचं एसडब्ल्यू हाताला चटकन वळतं, जास्त वेगानं जातं आणि खळबळलेल्या हवेत कमी हेलकावतं. मात्र टेकताना त्याला वेग जास्त ठेवावा लागतो.

आता यातलं चांगलं कुठलं? प्रश्नच चुकीचा आहे. सकाळच्या शांत हवेत गावाभोवती एक फेरी मारून यायची असेल तर एक, लांब पल्ला गाठायचा असेल तर दुसरं, इंजिन बंद करून तरंगायचं असेल तर तिसरं. काय करायचं आहे ते तुम्ही ठरवा, विमान त्यावरून ठरेल.

जमिनीवरची परीक्षा

बुरोंडीचा तांडेल नवी होडी घेताना तिच्या रंगाकडे बघून पैसे मोजत नाही. तो तिच्यात उभा राहतो, सुकाणू धरतो, पाण्यात नेतो आणि मगच बोलतो. विमानाच्या बाबतीतही हेच करा. हँगरमध्ये उभ्या असलेल्या विमानात बसायला परवानगी मागा. प्रामाणिक क्लब नाही म्हणणार नाही. आणि बसलात की घाई करू नका.

आधी चढून बघा. उंबरठा किती उंच, पाय कुठे ठेवायचा, आत जाताना डोकं आपटतं का. मग खुर्ची पुढे-मागे करून स्वतःला जमेल तिथं आणा. सेसनासारख्या विमानांत खुर्ची रुळांवर सरकते. खिट्टी नीट अडकली नसेल, तर विमान उठताना खुर्ची एकदम मागे जाते आणि हात-पाय नियंत्रणांपासून सुटतात. असे अपघात झालेले आहेत. म्हणून खुर्ची लावली की दोन्ही पायांनी पेडल रेटून अंग मागे ढकला. खुर्ची सरकली नाही, तरच ती अडकली असं समजा.

आता दोन्ही पाय रडरच्या पेडलवर ठेवा. एक पेडल पुरतं आत जाईपर्यंत दाबा, मग दुसरं. तळपाय पूर्ण पोचतो का, गुडघा कुठे अडतो का? स्टिक किंवा हँडल चारही दिशांना टोकापर्यंत न्या. मांडीला, पोटाला, पट्ट्याला लागतं का? सीएच 701 मध्ये दोघांच्या मधोमध एकच दांडा असतो आणि वर त्याला दोन फाटे असतात. डाव्या आणि उजव्या आसनावरून तो वेगवेगळ्या हाताने धरावा लागतो. आज डावीकडे बसून शिकलात आणि उद्या उजवीकडे बसलात, तर हाताची सवय बदलावी लागते. हे आधी माहीत असलेलं बरं.

मग डोळे मिटा आणि हाताने थ्रॉटल, फ्लॅपची कळ, इंधनाचा कॉक शोधा. इंजिन अडखळलं तर इंधनाच्या कॉकपर्यंत हात पट्टे बांधलेल्या अवस्थेत पोचला पाहिजे. पोचत नसेल, तर ते विमान तुमच्यासाठी नाही, मग ते कितीही देखणं असो.

नंतर बाहेर बघा. नाकावरून क्षितिज दिसतं का? बुटक्या माणसाने उशी घेऊन बघावं, पण ती उशी दरवेळी तीच असली पाहिजे. नाहीतर टेकताना डोळ्यासमोरचं चित्र रोज बदलेल. पंख वर असलेल्या विमानात सावली मिळते आणि खालची जमीन छान दिसते. आपल्या उन्हात ही मोठी सोय आहे. पण वळताना तोच पंख खाली येऊन वळणाची बाजू झाकतो. पंख खाली असलेल्या विमानात चहूकडचं आकाश दिसतं, पण काचेच्या घुमटाखाली एप्रिल-मेच्या दुपारी बसून बघा. दहा मिनिटांत कळेल.

शेजारी बसायचं की मागे-पुढे, हेही ठरवा. शेजारी बसलेला इन्स्ट्रक्टर तुमचा चेहरा आणि हात बघू शकतो, म्हणून पहिल्या दिवसांत ते सोयीचं. त्यात एक खोच आहे. तुम्ही डावीकडे बसता, त्यामुळे डाव्या वळणात नाक वर गेल्यासारखं भासतं आणि उजव्या वळणात खाली गेल्यासारखं. खरं पाहता नाक जागेवरच असतं. हा भास ओळखायला शिकावं लागतं. मागे-पुढे बसण्याच्या विमानात तुम्ही मधोमध बसता, म्हणून तो प्रश्न येत नाही.

हवेतली परीक्षा

जमिनीवर विमान पसंत पडलं, तर इन्स्ट्रक्टरबरोबर एक चाचणी उड्डाण मागा. त्याला आधीच सांगा की तुम्हाला फिरून यायचं नाही, विमानाचा स्वभाव बघायचा आहे.

सरळ उडताना विमान ट्रिम करायला, म्हणजे हात न लावता सरळ राहील असं जुळवायला, सांगा आणि स्टिकवरचा हात काढा. ते काही क्षण जसं होतं तसं राहिलं पाहिजे. मग स्टिक थोडी ओढून सोडा. नाक वर-खाली होऊन हळूहळू स्थिरावलं, तर विमान शहाणं आहे. आता वळवा. जुना ठोकताळा असा की विमान कलवणारे एलेरॉन सगळ्यात हलके, नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर त्याच्या दुप्पट जड आणि रडर चौपट जड वाटावं. हे प्रमाण तंतोतंत मिळणार नाही, पण एक नियंत्रण पिसासारखं आणि दुसरं दगडासारखं असेल, तर लांबच्या उड्डाणात हात कुरकुरतील.

त्यानंतर पुरेशा उंचीवर इन्स्ट्रक्टरला स्टॉल दाखवायला सांगा. वेग कमी होत जातो, पंखावरची हवा सुटते आणि विमान उचलून धरण्याची ताकद संपते, तो क्षण म्हणजे स्टॉल. इथं तुम्हाला एकच गोष्ट बघायची आहे: विमान आधी इशारा देतं का? स्टिक थरथरते का, शेपटीला हादरे बसतात का, शिट्टी वाजते का? आणि स्टॉल झाल्यावर नाक सरळ खाली जातं की एक पंख झपकन पडतो? सरळ नाक टाकणारं, आधी बजावणारं विमान नवशिक्याचं मित्र असतं. इशारा न देता एकीकडे कोसळणारं विमान अनुभवी हातासाठी सोडून द्या. हे इन्स्ट्रक्टरशिवाय, कमी उंचीवर, कधीही करून बघू नका.

आवाज आणि कंपन यांकडेही लक्ष द्या. जुन्या मायक्रोलाइटमध्ये रोटॅक्स 582 सारखं टू-स्ट्रोक इंजिन दिसतं. ते हलकं आणि स्वस्त, पण कर्कश, आणि सुमारे 300 तासांनी पूर्ण उघडून दुरुस्त करावं लागतं. रोटॅक्स 912 हे फोर-स्ट्रोक इंजिन त्याहून शांत, आणि त्याची तशी दुरुस्ती 2000 तासांवर येते. तुम्ही पैसे भरून शिकणारे असाल, तरी हा प्रश्न तुमचाच आहे. दुरुस्तीत पडून राहणाऱ्या विमानावर शिक्षण लांबतं आणि खर्च वाढतो.

शेवटी वाऱ्याचं. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो आणि दुपारचा खारा वारा समुद्राकडून आत येतो, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. कडा आणि सडा यांवर तो वारा आपटून वर उसळतो आणि पलीकडे खाली कोसळतो. हलक्या विमानाला याचा धक्का जास्त बसतो, कारण त्याच्या पंखावर वजन कमी असतं. सेसना 152 च्या पुस्तकात बाजूच्या वाऱ्याचा आकडा 12 नॉट दिलेला आहे, म्हणजे ताशी सुमारे 22 किलोमीटर. तेवढ्या वाऱ्यात विमान उतरवून दाखवलेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. नवशिक्याची मर्यादा त्याहून बरीच खाली असते. उन्हाळ्यातला खारा वारा या आकड्याजवळ सहज पोचतो. सकाळी सातच्या निवांत हवेत कुठलंही विमान गुणी वाटतं. म्हणून पैसे भरण्याआधी एक उड्डाण दुपारी, इन्स्ट्रक्टर योग्य म्हणेल त्या वाऱ्यात, मागून घ्या. खरा स्वभाव तिथं दिसतो.

ग्लायडर आणि पॅराग्लायडर

ज्यांच्याकडे पैसे कमी आणि हौस मोठी, त्यांनी पुण्यातल्या हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरची चौकशी जरूर करावी. ते डीजीसीएचं आहे. विंचच्या दोरानं ग्लायडर वर खेचलं जातं आणि पुढे फक्त हवा आणि हात. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे विमान हाताला काय सांगतं, ते तिथं लवकर कळतं. तिथल्या सुपर ब्लानिक एल-23 मध्ये पुढे-मागे बसायचं असतं. याच घराण्यातलं जुनं एल-13 हे 1956 पासूनचं, जगात हजारोंच्या संख्येनं बनलेलं ग्लायडर. 2010 मध्ये ऑस्ट्रियात त्याचा पंख हवेत तुटला. पंखाच्या मुख्य तुळईला वारंवारच्या ताणाने चीर गेली होती. त्यानंतर अनेक देशांत ही ग्लायडरं जमिनीवर बसवली गेली. धडा असा की आवृत्तीइतकंच वयही विचारा. विमान किती वर्षांचं, यापेक्षा किती तास उडलं आणि किती वेळा उतरलं, ते लॉगबुकात बघा.

कामशेतला जाऊन पॅराग्लायडिंग शिकणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. युरोपीय कसोटीत पॅराग्लायडरचे ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत. ए सगळ्यात क्षमाशील, डी सगळ्यात तिखट. पहिलं पॅराग्लायडर ए वर्गाचंच घ्या, कुणी कितीही भरीला घातलं तरी. आणि एकाच मॉडेलचे लहान-मोठे आकार वेगवेगळ्या वजनाच्या माणसांसाठी असतात. मित्राला हवेत गुणी वाटलेलं तेच पॅराग्लायडर तुमच्या वजनाला बेताल वागू शकतं. हार्नेसमध्ये घरी लटकून बसा, अर्धा तास. पाठ दुखली तर तो हार्नेस नको. आणीबाणीचं पॅराशूट कुठे आहे आणि ते ओढायचं कसं, हे लटकलेल्या अवस्थेत हाताने शोधून बघा.

किनाऱ्यावर पर्यटकांना हवेत नेणारे कुणी भेटले, तर तिथंही पट्टे, हेल्मेट, लाइफ जॅकेट आणि वारा बघून मगच हो म्हणा. वारा वाढला आहे असं वाटलं, तर नको म्हणायला लाजू नका. पैसे परत मिळाले नाहीत तरी चालतील.

माझी विनंती

मुलांनो, विमान निवडताना मित्रांच्या फोटोंकडे बघू नका. आपलं वजन, उंची, पाठ, डोळे आणि खिसा यांकडे बघा. पालकांनो, पैसे भरण्याआधी मुलाबरोबर एकदा जा. तुम्हाला विमानातलं काही कळत नसलं तरी चालेल. हँगर स्वच्छ आहे का, विमानाचे कागद मागितल्यावर लगेच दाखवतात का, प्रश्न विचारल्यावर चिडतात का, हे तुम्हाला नक्की कळेल. एनसीसीतल्या मुलांनी आपल्या तुकडीतल्या उड्डाणाची संधी सोडू नये. ती जवळजवळ फुकट मिळते आणि विमान आपल्याला जमतं की नाही, ते पुंजी घालण्याआधी कळतं. क्लब चालवणाऱ्यांनाही विनंती आहे की लांबून आलेल्या मुलाला अर्धा तास रिकाम्या विमानात बसू द्या. त्यात तुमचं काही जात नाही.

दोन आवृत्त्यांत मन द्विधा झालं, तर हा नियम पाळा: ज्यात तुम्ही नीट बसता, ज्यातून नीट दिसतं आणि जे चूक होण्याआधी तुम्हाला बजावतं, ते घ्या. वेग कमी असला तरी चालेल, मॉडेल जुनं असलं तरी चालेल. या तिन्हींतली एक गोष्टही कमी असेल, तर पैसे भरू नका आणि घरी परत या.